काटकसरीची भीती: जुन्या धर्तीचे भयखेळ आणि त्यांचे खेळाडू

१/ चित्र जितके हुबेहूब तितकी भीती अधिक, ही समजूत व्हिडिओ गेमच्या इतिहासाने खोटी ठरवली आहे. मोजक्या गोळ्या, अपुरी पिशवी, कुलूपबंद दारे आणि लढण्यापेक्षा तग धरण्याला अधिक मोल, या प्रकाराला ‘सर्व्हायव्हल हॉरर’ म्हणतात. त्याचा जन्म यंत्रांच्या दारिद्र्यातून झाला.

२/ मुळाशी आहे १९८९ सालचा ‘स्वीट होम’. कॅपकॉमने तो फॅमिकॉमसाठी काढला; दिग्दर्शक तोकुरो फुजिवारा. एका चित्रकाराच्या ओसाड हवेलीत पाच जण अडकतात. प्रत्येकाजवळ वेगळे साधन असते, आणि जो मरतो तो परत येत नाही.

३/ फॅमिकॉमच्या नकला नव्वदच्या दशकात भारतभर ‘कॅसेट’वाला व्हिडिओ गेम म्हणून खपल्या. ‘स्वीट होम’ मात्र अधिकृतपणे जपानबाहेर आलाच नाही. तरीही त्याचा मूळ नियम नांदेड-लातूरच्या मुलांना वेगळ्या वाटेने कळला होता. बहुतेक कॅसेटींत खेळ जतन करण्याची सोय नव्हती. भारनियमनाची वेळ झाली की पडदा काळा, आणि वीज आली की पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात. मिळवलेले क्षणात गमावण्याची धास्ती हाच या प्रकाराचा गाभा आहे.

४/ १९९२ मध्ये फ्रान्सच्या इन्फोग्रामने ‘अलोन इन द डार्क’ आणला. त्यात कॅमेरा एका जागी खिळलेला होता. १९९६ च्या ‘रेसिडेंट ईव्हिल’ने हीच रीत घेतली. ‘स्वीट होम’ नव्याने घडवावा या विचारातून शिंजी मिकामी यांचा हा खेळ आकाराला आला. प्लेस्टेशनची मुख्य स्मृती अवघी २ मेगाबाइट. म्हणून दालनांची चित्रे आधीच तयार करून पार्श्वभूमीला लावली गेली. दार उघडण्याचे संथ दृश्य हे पुढचे दालन लोड होईपर्यंतचे निमित्त होते. खेळाडूला मात्र त्या क्षणी धडकी भरे.

५/ १९९९ च्या ‘सायलेंट हिल’ने गाव धुक्यात बुडवले. दूरचे काही रेखाटण्याची ताकद यंत्रात नव्हती. धुक्याने ती उणीव झाकली आणि कलेचे रूप घेतले.

६/ न दिसणाऱ्या वळणाचे भय मराठवाड्याला नवे नाही. नांदेड जिल्ह्यातला कंधार, लातूर जिल्ह्यातले औसा आणि उदगीर हे भुईकोट किल्ले. डोंगराचा आधार नाही, म्हणून खंदक आणि तटबंदीवर भिस्त. दख्खनच्या किल्ल्यांत दरवाजाकडे जाणारी वाट अनेकदा मुद्दाम वळवलेली असते. शत्रूला पुढचे दिसू नये, वेग मोडावा आणि वरून मारा करता यावा, हा हेतू. खिळलेला कॅमेरा खेळाडूची हीच गत करतो.

७/ २००५ च्या ‘रेसिडेंट ईव्हिल ४’ने कॅमेरा नायकाच्या खांद्यामागे आणला. खेळ वेगवान झाला, गोळीबार वाढला आणि जुनी काटकसर मोठ्या कंपन्यांच्या खेळांतून मागे पडली.

८/ ती परत आणली छोट्या चमूंनी. जर्मनीतल्या दोघांच्या रोझ-एंजिनने २०२२ मध्ये ‘सिग्नॅलिस’ काढला. पिशवीत जागा फक्त सहा. २०२४ मध्ये इंग्लंडच्या एसएफबी गेम्सचा ‘क्रो कंट्री’ आला. पूर्वी जो खडबडीतपणा नाइलाज होता, तो आता आधुनिक संगणकावर हौसेने घडवला जातो.

९/ खेळाडूंत येथे दोन तट पडतात. एकांच्या मते अपुरी पिशवी म्हणजे नाहक हेलपाटे. दुसऱ्यांच्या मते काय घ्यावे, काय सोडावे ही घालमेल काढली तर खेळच उरत नाही. ‘क्रो कंट्री’ने मध्यम मार्ग काढला: शत्रूंविना केवळ शोध घेण्याची स्वतंत्र सोय दिली. मूळ प्लेस्टेशन कधी न हाताळलेली तरुण पिढीही हे खेळ आवडीने खेळते. म्हणजे हे आकर्षण केवळ बालपणीच्या आठवणींचे नव्हे. मर्यादेत रचलेल्या भीतीचेही आहे.

१०/ नकला बहरत असताना मूळ कृती मात्र हरवत आहेत. २०१२ मध्ये ‘सायलेंट हिल’चे जुने भाग नव्या रूपात आले, तेव्हा कोनामीजवळ त्यांचा अंतिम सोर्स कोडच उरला नव्हता; अपुऱ्या प्रतींवरून काम झाले आणि गाजलेले धुके बिघडले. चाहत्यांचा रोष झाला. २०२३ च्या एका अमेरिकी पाहणीनुसार, तिथे २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी जेमतेम १३ टक्के आज रीतसर विकत मिळतात.

११/ औशाचा बुरूज ढासळला तर निदान दगड उरतात, त्यावरून मूळ रचना ताडता येते. पुसल्या गेलेल्या कोडचा अवशेषही उरत नाही. जुन्या धर्तीचे नवे खेळ म्हणूनच मोलाचे आहेत: यंत्रे भंगारात गेली, तरी ती कशी घाबरवत होती हे त्यांच्यामुळे अजून हाताला कळते.