पाणपोई, फिरकीचा तांब्या आणि बाटली : पंचवटीतील तहानेचा इतिहास

१. पंचवटीत गोदावरीला ‘गंगा’ म्हणण्याची जुनी रीत आहे. येथील घाट, कुंडे आणि देवळे यांविषयी विपुल लेखन झाले आहे. हे पाणी ज्या भांड्यांतून प्यायले गेले आणि दूरवर नेले गेले, त्या भांड्यांकडे मात्र क्वचितच कोणी पाहिले. आज बाजारात तांबे, पोलाद, काच आणि प्लास्टिक अशा अनेक बाटल्या एकमेकींशी स्पर्धा करीत आहेत. यांतली सुरक्षित कोणती, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर नाशिकच्या इतिहासात सापडते.

२. आरंभ पंचवटीपासून काही किलोमीटरवर असलेल्या त्रिरश्मी डोंगरावरील, म्हणजे पांडवलेण्यांतील, एका शिलालेखापासून करावा लागतो. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तेथे आपल्या दानांची नोंद कोरून ठेवली आहे. गोवर्धन, शूर्पारक, भरुकच्छ आणि दशपूर येथे त्याने विश्रामगृहे, विहिरी व तळी करविली. नद्यांवर विनामूल्य नावा ठेवल्या आणि दोन्ही तीरांवर ‘प्रपा’ उभारल्या. प्रपा म्हणजे वाटसरूंना पाणी पाजण्याचे ठिकाण. मराठीतील ‘पव’ आणि ‘पाणपोई’ हे शब्द याच मुळातून आले. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या या व्यवस्थेत वाटसरूची तहान भागवणे हे सार्वजनिक कर्तव्य मानले गेले होते.

३. पाणपोई नसेल तेथे पाणी सोबत न्यावे लागे. सिंहस्थासाठी येणाऱ्या साधूंच्या हाती कमंडलू असे. वाळवून पोखरलेल्या भोपळ्याचा तुंबा हलका असे आणि फुटलाच तर नवा मिळे. सैन्याबरोबर आणि तांड्यांबरोबर चामड्याच्या पखाली चालत. उन्हाळी प्रवासात जाड कापडाची छागल बाहेर टांगून ठेवीत. तिच्या अंगावरचे पाणी वाऱ्याने उडून जाई आणि आतले गार होई. मातीचा माठही याच तत्त्वावर चालतो.

४. नाशिकची स्वतःची देणगी मात्र धातूची आहे. तांबट आणि कासार यांच्या कसबामुळे नाशिकची तांब्या-पितळेची भांडी सगळ्या मुंबई इलाख्यात नावाजलेली होती. गोदाकाठचा भांडी बाजार त्या व्यवसायाची स्मृती आजही सांगतो. यात्रेकरू तीर्थ भरलेला, तोंड झाळून बंद केलेला तांब्याचा गडू घरी नेई. तो देवघरात वर्षानुवर्षे राही आणि बहुधा कोणाच्या तरी अंतकाळीच उघडला जाई. रोजच्या प्रवासासाठी फिरकीचा तांब्या असे. आटे असलेले झाकण आणि धरायला कडी, अशी त्याची रचना. आजच्या बाटलीचा थेट पूर्वज शोधायचा तर तो हाच.

५. तांब्यातील पाणी चांगले, या समजुतीला शास्त्रीय आधार आहे. धातूंचे अत्यल्प कणही सूक्ष्म जीवांना मारक ठरतात, हा परिणाम स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल नेगेली याने अभ्यासला. त्याचे ते लेखन १८९३ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१२ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी जुलाबास कारणीभूत होणारे जिवाणू मुद्दाम मिसळलेले पाणी तांब्याच्या भांड्यांत १६ तास ठेवले. त्यानंतर ते जिवाणू पाण्यात वाढवून पाहिले असता आढळले नाहीत आणि उतरलेल्या तांब्याचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेच्या लिटरला २ मिलिग्रॅम या मर्यादेच्या आतच राहिले. म्हणजे तांबे काम करते, पण त्याला रात्रभराचा अवधी लागतो. नदीवर बाटली भरून लगेच तोंडाला लावल्यास तांब्याचा काहीही उपयोग नाही. पाण्यातील रसायने तर कितीही वेळ ठेवले तरी जात नाहीत.

६. तांब्याची दुसरी बाजू आपल्या आजीला रसायनशास्त्राशिवाय ठाऊक होती. ताक, चिंच, लिंबू यांसारखे आंबट पदार्थ तांब्या-पितळेत ‘कळकतात’, हा तिच्या स्वयंपाकघराचा नियम होता. आम्लामुळे धातू विरघळून पदार्थात उतरतो आणि मळमळ, उलट्या होतात. यावर उपाय म्हणजे कल्हई. भांडे तापवून, नवसागराने साफ करून आतून कथलाचा पातळ थर दिला जाई. कथलात शिसे मिसळलेले असेल तर हा उपायच अपाय ठरे. तांब्याच्या बाटलीत लिंबू-सरबत भरू नये, हा आजचा इशारा कल्हईवाल्याच्या हाळीइतकाच जुना आहे.

७. भांड्याच्या तोंडाचाही विचार करावा लागतो. साध्या तांब्यात हात किंवा निदान बोटे पोचत. राख आणि चिंच लावून तो आतून घासता येई. अरुंद तोंडाच्या बाटलीत ते होत नाही. आत बुळबुळीत थर साचतो, झाकणाच्या रबरी कडीखाली तर तो हमखास दडतो. रोजच्या वापरासाठी रुंद तोंडाची, खाद्ययोग्य पोलादाची बाटली सोयीची ठरते. तिला आंबटाचे भय नाही आणि कल्हईही लागत नाही. एकदाच वापरण्यासाठी केलेली पातळ प्लास्टिकची बाटली उन्हात तापत ठेवून पुन्हा पुन्हा भरणे टाळावे.

८. एवढ्यावर विषय संपला असता, पण महाराष्ट्रात भांड्याच्या इतिहासाला एक काळी बाजू आहे. धातूचे भांडे घासून, विस्तवात तापवून ‘शुद्ध’ करता येते, मातीचे टाकून द्यावे लागते, असे सोवळ्याचे शास्त्र होते. अस्पृश्य ठरवलेल्या माणसाला तर कोणतेच भांडे दिले जात नसे. त्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतले जाई, तेही ओतणारा असेल तर. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत बालपणीच्या एका प्रवासाची हकीकत लिहिली आहे. मुलांजवळ जेवणाचे डबे होते, पण वाटेत कोणी पाणी दिले नाही आणि ती तशीच उपाशी निजली.

९. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर आंबेडकरांनी ओंजळ भरली, तेव्हा त्या ओंजळीत वरून कोणी पाणी ओतले नव्हते. तीन वर्षांनी, २ मार्च १९३० रोजी पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड यांनी त्याची धुरा वाहिली आणि तो १९३५ पर्यंत चालला. मागणी मंदिरप्रवेशाची होती, परंतु मुळातला प्रश्न महाडचाच होता : जे सर्वांचे म्हणवले जाते ते खरोखर सर्वांचे आहे काय?

१०. या पार्श्वभूमीवर स्वतःची बाटली ही साधी वस्तू राहत नाही. ज्याच्या हाती आपले भांडे आहे, त्याला दुसऱ्याच्या ओतण्याची वाट पाहावी लागत नाही. मात्र भांडे खासगी झाले आणि पुढे पाणीही खासगी झाले. चौकातली पाणपोई आटत गेली, दुकानातली सीलबंद बाटली वाढत गेली. उषवदाताने ज्याला दान म्हटले, ते आता पैसे मोजून घेण्याची सवय आपल्याला लागली आहे.

११. गर्दीच्या तीर्थक्षेत्री याचे मोल जिवाने चुकवावे लागते. पटकीच्या साथी आणि यात्रा यांचे नाते एकोणिसाव्या शतकाने वारंवार पाहिले. पटकीचा रोगी शरीरातील पाणी व क्षार वाहून गेल्याने दगावतो. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे त्याचे घरगुती रूप. उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे गूळ-पाणी ठेवणे, चैत्रात पन्हे देणे, या रीतींमागचा अनुभवही याच दिशेचा आहे. तासन्‌तास घाम गाळणाऱ्याला पाण्याबरोबर क्षारही हवे असतात. लघवी गडद पिवळी होऊ लागली की शरीर पाणी मागते आहे असे समजावे. वृद्धांना तहान उशिरा जाणवते, म्हणून त्यांना आठवणीने पाणी द्यावे.

१२. चैत्रातील कामदा एकादशीला रामरथ आणि गरुडरथ निघतात, तेव्हा पंचवटीत ऊन रणरणत असते. २०२६-२७ चा सिंहस्थ तर याहून कितीतरी मोठी गर्दी आणणार आहे. प्रत्येकाने चांगली बाटली बाळगावी, ती रोज घासावी, हे खरेच. पण ती भरायला घाटावर, रस्त्यावर, मंदिराच्या दारात शुद्ध पाण्याचा नळ असला पाहिजे, आणि ज्याच्याजवळ बाटलीच नाही त्याच्यासाठी तेथे स्वच्छ पेलाही असला पाहिजे. त्रिरश्मीच्या दगडावर कोरलेल्या प्रपेचा अर्थ एवढाच होता.