चांदबिबीचा नसलेला महाल

मंडळी, नगरला पाहुणा आला की आपण त्याला पहिल्यांदा चांदबिबीच्या महालावर नेतो. पाथर्डी रस्त्यालगत शहा डोंगरावरची ती अष्टकोनी, तीन मजली वास्तू. पण हा महाल नाहीच, आणि चांदबिबीचा तर नाहीच नाही. ही कबर आहे सलाबतखानाची, मुर्तजा निजामशहाच्या वजिराची.

आता कुणी म्हणेल, नावानं काय बिघडतं? आम्हाला वाटतं, दोन माणसं हरवतात.

पहिला स्वतः सलाबतखान. अहमद निजामशहानं वसवलेल्या या राजधानीत खापरी नळांनी दुरून पाणी यायचं. कापूरवाडीचा नळ त्यातलाच. तळ्याच्या मधोमध उभा असलेला फराहबाग सलाबतखानानं नव्यानं बांधून घेतला. तो १५८३ मध्ये पूर्ण झाला. आज तळं कोरडं आहे, आणि ज्यानं ते सजवलं त्याचं नाव त्याच्या कबरीवरूनही पुसलं गेलंय.

दुसरी चांदबिबी. तिची खरी जागा भुईकोट किल्ला. १५९५-९६ च्या वेढ्यात मोगलांनी सुरुंग लावून तट पाडला, तेव्हा तिनं खिंडार लढवलं आणि रातोरात बुजवून घेतलं. १६०० मध्ये त्याच किल्ल्यात तिच्याच माणसांनी तिला मारलं. पुढं १९४२ मध्ये नेहरूंना इथंच कैदेत ठेवलं, म्हणून पाहुणा किल्ल्यात त्यांची खोली बघतो. तटापाशी चांदबिबी कुणाला आठवत नाही.

तेव्हा डोंगर जरूर दाखवा. फक्त तिथं सलाबतखानाचं नाव घ्या, आणि चांदबिबीचं किल्ल्यात.