गडकरी, राम गणेश
(२६ मे १८८५–२३ जानेवारी १९१९). मराठी कवी, नाटककार व विनोदी लेखक. जन्म गुजरातमधील नवसारी येथे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील शिक्षण अर्धवट सोडून ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. ‘गोविंदाग्रज’ (गोविंदाचा अग्रज, म्हणजे थोरला भाऊ) या नावाने त्यांनी कविता लिहिली, तर ‘बाळकराम’ या नावाने विनोदी लेख. कवितेत त्यांनी केशवसुतांचे (पहा : केशवसुत) शिष्यत्व मानले, विनोदात श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना (पहा : कोल्हटकर, श्रीपाद कृष्ण) गुरुस्थानी मानले, मात्र कोल्हटकरांचा विनोद मुख्यतः कोटी व कल्पना यांवर उभा असताना गडकऱ्यांनी त्याला अतिशयोक्तीची, म्हणजे वस्तू अवास्तव वाढवून सांगण्याची, जोड देऊन ठकीच्या लग्नाच्या खटपटीवरील लेखांत वरसंशोधनाची रूढी हास्यास्पद ठरविली. हाच विनोद त्यांच्या एकच प्याला या नाटकातील तळीराम या पात्राच्या तोंडी मद्यपानाच्या शोकांतिकेलगत येतो व तिची तीव्रता वाढवितो. क्षयाने पूर्व विदर्भातील सावनेर (जि. नागपूर) येथे ते निवर्तले, वाग्वैजयंती (१९२१) हा काव्यसंग्रह व संपूर्ण बाळकराम (१९२५) हा लेखसंग्रह मरणोत्तर निघाले. ठाण्याचे गडकरी रंगायतन त्यांच्या नावाने ओळखले जाते.