काचेच्या टाकीतील फुलपाखरू मासा : निवड, आहार आणि खारे पाणी

खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय घरी करू पाहणाऱ्याची नजर दुकानात ज्या माशावर आधी स्थिरावते, तो बहुधा फुलपाखरू मासा असतो. ताटलीसारखे चपटे, उभट शरीर, पिवळ्या-पांढऱ्या अंगावर रेखीव काळ्या रेघा, डोळ्यावरून गेलेला पट्टा आणि पुढे आलेले निमुळते तोंड. दुकानदार त्याला नुसते ‘बटरफ्लाय’ म्हणतात आणि गिऱ्हाईकही तेवढ्यावर समाधान मानते. घोटाळा तिथेच होतो. या एका नावाखाली विकल्या जाणाऱ्या माशांपैकी काही घरच्या टाकीत वर्षानुवर्षे राहतात, तर काही समोर अन्न तरंगत असूनही उपाशी मरतात.

शास्त्रीय वर्गीकरणात हे मासे केटोडॉन्टिडी कुळातले. ग्रीक भाषेतील केस आणि दात या अर्थाच्या दोन शब्दांवरून हे नाव पडले. कुंचल्याच्या केसांसारखे बारीक, दाट दात हे या कुळाचे लक्षण. कुळात सुमारे १३० जाती आहेत आणि त्यांतील बहुसंख्य हिंदी व प्रशांत महासागरांतील प्रवाळभित्तींवर राहतात. लक्षद्वीप आणि अंदमानच्या उथळ पाण्यात पोहणाऱ्याला ते सहज दिसतात. मराठी वाचकांच्या एका पिढीची समुद्री माशांशी पहिली ओळख मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात झाली. घरी टाकी ठेवण्याची हौस पुष्कळांना तिथूनच लागली असावी.

प्रश्न दातांचा आणि पोटाचा

फुलपाखरू मासा पाळता येईल की नाही, हे त्याच्या रंगावरून वा आकारावरून ठरत नाही. तो निसर्गात काय खातो यावरून ठरते. या कुळातील अनेक जाती केवळ जिवंत प्रवाळाचे पॉलिप कुरतडून जगतात. केटोडॉन ट्रायफॅशिआलिस, केटोडॉन ऑर्नेटिसिमस, केटोडॉन मेयेरी आणि केटोडॉन बॅरोनेसा ही त्यांतील ठळक नावे. प्रवाळावरचे त्यांचे अवलंबित्व इतके पक्के, की समुद्राचे पाणी तापून प्रवाळ पांढरे पडले आणि मेले की त्यामागोमाग या माशांची संख्याही घटते. अशा माशाला टाकीत गोठवलेली कोळंबी दिली, तर तो ती बहुधा अन्न म्हणून ओळखतच नाही. क्वचित एखादा खाऊ लागतो, पण त्याची पाठ दिवसेंदिवस धारदार होत जाते. या जाती दुकानातून न आणणे हाच एक मार्ग. अनुभवी पाळणाऱ्यांनीही त्यांच्या बाबतीत धाडस करू नये.

दुसरा गट मिश्राहारी. सागरी कृमी, समुद्रफुले, लहान कवचधारी जीव, शेवाळ असे मिळेल ते हे मासे टिपतात. नवख्यासाठी केटोडॉन ऑरिगा हा यांतला सर्वांत भरवशाचा. पाठीच्या परावरून मागे गेलेला लांब तंतू ही त्याची खूण. तांबड्या समुद्रातील माशांवरून पेहर फोर्स्कल या अभ्यासकाने त्याचे वर्णन केले. फोर्स्कल १७६३ साली येमेनमध्ये हिवतापाने वारला आणि त्याची टिपणे मोहिमेतील सहकारी कार्स्टन नीबुर याने १७७५ साली छापली. हाच नीबुर त्या मोहिमेतून पुढे मुंबईला येऊन राहिला होता. ऑरिगाखेरीज डोळ्यावर रुंद काळा पट्टा मिरवणारा केटोडॉन लुनुला, तिरप्या रेघांचा केटोडॉन व्हॅगाबंडस आणि १५ सेंटिमीटरच्या आत राहणारा केटोडॉन क्लाइनी हेही रुळतात. लांब पांढऱ्या पराचा हेनिओकस अॅक्युमिनेटस अंगाने काटक आहे. मात्र तो २५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो, हे विकत घेताना कोणी सांगत नाही.

तांबूस पट्ट्यांचा, लांब चोचीचा केल्मॉन रोस्ट्रेटस हे मधले प्रकरण आहे. टाकीत माजणारी आयप्टेझिया नावाची उपद्रवी समुद्रफुले तो खातो, म्हणून त्याला मागणी असते. पण आयप्टेझिया संपल्यावर तो काय खाणार, याचा विचार आधी झालेला नसतो. प्रस्तुत लेखकाने एका परिचिताच्या घरी असा मासा पाहिला होता. दिसायला तजेलदार, दिवसभर खडकांत चोच घालून हिंडणारा. घरच्यांना वाटे, तो सतत काहीतरी खातो आहे. तो केवळ शोधत होता. दीड महिन्यात तो गेला.

म्हणून विकत घेताना एकच आग्रह धरावा : मासा आपल्यासमोर खाताना दिसला पाहिजे. दुकानदाराला अन्न टाकायला सांगावे, संकोच करू नये. मासा समोरूनही पाहावा. डोळ्यांच्या वरचा भाग आत ओढलेला किंवा पोट खपाटीला गेलेले असेल, तर दयेपोटीही घरी आणू नये. बाजारात येणारे जवळजवळ सगळे फुलपाखरू मासे समुद्रातून पकडलेले असतात. बंदिस्त जागी त्यांची पैदास फारच थोडी होते. पिल्ले कित्येक आठवडे खुल्या समुद्रात तरंगत वाढतात आणि त्या अवस्थेत त्यांच्या डोक्यावर हाडांच्या पट्ट्यांचे चिलखत असते. ती वाढवणे कठीण आहे. फिलिपिन्स व इंडोनेशियात शोभेचे मासे सायनाइड फवारून गुंगवून पकडण्याची वाईट प्रथा अनेक वर्षे चालत आली आहे. त्यामुळे मासा कुठून आला हेही विचारून घ्यावे.

खाऊ घालण्यात गोव्याच्या वाचकाला एक फायदा आहे. बाजारातील ताज्या तिसऱ्यो किंवा शिनाणे उघडून, एका शिंपल्यात मांस तसेच ठेवून टाकीत सोडले, की अडून बसलेले मासेही टोचे मारू लागतात. शिंपल्याला चिकटलेले मांस खुडणे त्यांच्या सवयीला धरून आहे. मांस आधी स्वच्छ धुऊन काही दिवस गोठवावे आणि उरलेले तासाभरात बाहेर काढावे, नाहीतर पाणी नासते. मायसिस, ब्राइन श्रिम्प, बारीक चिरलेली कोळंबी आणि शेवाळयुक्त खाद्य आलटून पालटून द्यावे. हे मासे दिवसभर थोडेथोडे टिपणारे आहेत. एकदाच पोटभर वाढण्यापेक्षा तीन-चार वेळा थोडे द्यावे.

टाकी आणि पाणी

एका मध्यम जातीच्या माशासाठी चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकी धरावी. तीत काठोकाठ सुमारे साडेचारशे लिटर पाणी मावते. काच, खडक आणि बैठक मिळून वजन अर्ध्या टनापलीकडे जाते. जुन्या घराच्या लाकडी माळ्यावर ती ठेवू नये.

पाणी घरीच तयार करावे. आरओच्या पाण्यात कृत्रिम सागरी क्षार लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मिसळले, की विशिष्ट गुरुत्व १.०२५च्या आसपास येते. आगरवाड्याच्या मिठागरातले मीठ विरघळवले तर चालेल का, असे हमखास विचारले जाते. चालत नाही. मीठ पिकताना कॅल्शियमचे क्षार त्याच्या आधी खाली बसतात आणि मॅग्नेशियमचे बरेचसे क्षार उरलेल्या कडवट पाण्यात राहतात. हाती येते ते मुख्यतः सोडियम क्लोराइड. किनाऱ्यावरून पाणी भरून आणण्याचा मोहही पावसाळ्यात टाळावा. मांडवी आणि झुवारीच्या मुखाशी त्या दिवसांत नद्यांचे गोडे पाणी मोठ्या प्रमाणात मिसळलेले असते आणि सोबत गाळ येतो.

तापमान २४ ते २७ अंश, पीएच ८.१ ते ८.४, अमोनिया व नायट्राइट शून्य. नव्या टाकीत अमोनियाचे रूपांतर करणारे जीवाणू वसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तोवर मासा आणू नये. फुलपाखरू मासा तर टाकी काही महिने स्थिरावल्यावरच आणावा. पाणी बाष्प होऊन आटते, क्षार मात्र टाकीतच राहतात; म्हणून रोजची तूट गोड्या पाण्याने भरावी, खाऱ्या नव्हे. एप्रिल-मे महिन्यांत खोलीतले पाणी सहज तिशीपार जाते आणि तापलेल्या खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. चिलर महाग आहे, पण किनारपट्टीवर त्याला पर्याय नाही. पावसाळी वीजखंडितीसाठी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असावा.

खडकाच्या बाबतीत कायदा माहीत असणे आवश्यक आहे. भित्ती बांधणारे प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते समुद्रातून काढणे वा विकणे गुन्हा ठरतो. ‘लाइव्ह रॉक’ म्हणून कोणी प्रवाळाचा तुकडा देऊ केला तर नाकारावा. भाजलेल्या मातीचे किंवा सिमेंटचे सच्छिद्र खडकही जीवाणूंना घर देतात.

नवा मासा किमान चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. क्रिप्टोकॅरिऑन या परजीवीमुळे अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके उठतात. त्यावर तांब्याचे औषध चालते. पण लिटरमागे सुमारे ०.२ मिलिग्रॅम ही मात्रा मोजूनच द्यावी आणि मुख्य टाकीत ते घालू नये, कारण कोळंबी-शिंपल्यांना ते मारक आहे. परांवर फुलकोबीसारख्या पांढऱ्या गाठी आल्या तर ते लिम्फोसिस्टिस. हा विषाणूजन्य विकार पाणी आणि आहार सुधारल्यावर बहुधा आपोआप ओसरतो.

सोबतीला ट्रिगरसारखे दांडगे मासे नकोत; ते अन्नावर आधी झडप घालतात. रात्री दिवे मालवल्यावर अनेक फुलपाखरू मासे खडकाच्या खबदाडीत शिरतात आणि त्यांचे रंग फिके, डागाळलेले दिसू लागतात. हा आजार नव्हे. सकाळी दिवे लागल्यावर थोड्याच वेळात रंग पूर्ववत होतात, तोवर औषधाची बाटली कपाटातच असू द्यावी.