मोटारीची कुरकुर

मराठी भाषेंत ‘कुरकुर’ हा शब्द दोन ठिकाणीं सारख्याच सहजतेनें वापरला जातो. असंतुष्ट माणूस कुरकुरतो आणि वंगण नसलेलें चाकही कुरकुरतें. दोन्ही ठिकाणीं अर्थ एकच : कोठें तरी दोघांचें पटेनासें झालें आहे. बैलगाडीच्या काळीं या तक्रारीची दाद लावणें सोपें होतें. आंसाला वंगण चोपडलें, कीं चार दिवस गाडी मुकाट्यानें चाले. मोटारगाडीची गोष्ट निराळी. तिच्या अंगांत शेंकडों सांधे. आवाज डावीकडून येतो म्हणून डावें दार काढावें, तों तो मागच्या गादीखालून येत असल्याचें आढळतें. मोटारीचा वेग आणि तिची शक्ति यांच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. परंतु तिचें अंग मुकें करण्यासाठीं जो खटाटोप झाला, त्याचा इतिहासही तितकाच उद्बोधक आहे.

१८८६ सालीं कार्ल बेन्झ यानें आपल्या तीनचाकी मोटारीचें पेटंट घेतलें, त्या वेळीं कुरकुरीचा प्रश्न कोणाच्या मनांतही आला नसेल. एंजिनच इतका गोंगाट करी, कीं इतर आवाज त्यांत बुडून जात. हा गोंगाट कमी करण्याचें श्रेय ज्यांना विशेषेंकरून दिलें जातें, त्यांत रोल्स-रॉइस ही इंग्लिश पेढी प्रमुख होय. १९०७ सालीं या पेढीचा व्यवस्थापक क्लॉड जॉन्सन यानें एक गाडी रुपेरी रंगवून घेतली आणि तिच्या भुतासारख्या निःशब्द चालीवरून तिचें नांव ‘सिल्व्हर घोस्ट’ ठेवलें. त्याच वर्षीं त्या गाडीनें रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखालीं सुमारें १५,००० मैलांची कसोटी पार पाडली. परंतु एंजिन शांत होतांच एक नवीच अडचण उघडी पडली. एक आवाज बंद केला, कीं त्याच्याखालीं दडलेला दुसरा ऐकूं येऊं लागतो. या साऱ्या इतिहासाचें सूत्र म्हणावयाचें तर हेंच आहे.

हा दुसरा आवाज गाडीच्या लांकडी अंगाचा होता. त्या काळीं मोठे कारखानदार बहुधा सांगाडा, चाकें आणि एंजिन एवढेंच विकीत. वरचा टप आणि दारें गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या गाडी बांधणाऱ्याकडून करवून घेई. हे कारागीर पिढ्यान् पिढ्या घोड्यांच्या बग्ग्या बांधीत आलेले. ॲश नांवाच्या चिवट लांकडाची चौकट करावी, सांधे सरसानें आणि स्क्रूंनीं पक्के करावे आणि वर पत्रा ठोकावा, ही त्यांची पद्धति. घोड्याच्या चालीला ती पुरेशी होती. मोटारीचा वेग मात्र त्याच्या कितीतरी पट. खाचखळग्यांतून जातांना खालचा पोलादी सांगाडा पिळवटला जाई, आणि त्याच्याबरोबर वरची चौकटही. कांहीं महिन्यांतच सांधे ढिले होत. लांकूड दमट हवेंत फुगतें आणि कोरड्या हवेंत आकसतें. त्यामुळें एका ऋतूंत मुकी असलेली गाडी दुसऱ्या ऋतूंत बोलूं लागे. शिवाय कमानींचे पाटे एकमेकांवर घासून आवाज करीत, तो वेगळाच. त्यांत वंगण राहावें म्हणून कमानींना चामड्याच्या खोळी शिवून घालण्याची चाल पडली.

हा आवाज निघतो कसा, याचें उत्तर शास्त्रज्ञांनीं हळूहळू दिलें. एक पृष्ठ दुसऱ्यावर सरकूं पाहतें, तेव्हां घर्षण प्रथम त्याला धरून ठेवतें. मागून रेटा वाढत जातो, वस्तु किंचित् वांकते. मग पकड एकाएकीं सुटते, पृष्ठ झटक्यानें पुढें जातें, ताण उतरतो आणि पकड पुन्हां बसते. हें धरणें आणि सुटणें सेकंदांत शेंकडों वेळां घडलें, म्हणजे कानाला स्वर ऐकूं येतो. दोन वस्तु जितका वेळ एकमेकींना चिकटून राहतात तितकी त्यांची पकड घट्ट होऊं शकते, हें फ्रेंच शास्त्रज्ञ कूलाँ यानें १७८५ सालच्या आपल्या प्रबंधांत मांडलें होतें. या धरसोडीचें प्रत्यक्ष मोजमाप बाउडेन आणि लेबेन यांनीं १९३९ सालीं प्रसिद्ध केलें. सारंगीचा गज तारेवर फिरतो, तेथेंही हाच व्यापार चालतो. गजानें छेडलेल्या तारेच्या कंपनांची गणिती मीमांसा चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं कलकत्त्यास केली व ती १९१८ सालीं प्रसिद्ध झाली. गजाला राळ लावतात ती ही पकड वाढविण्यासाठीं, आणि चाकाला वंगण लावतात तें ती घालविण्यासाठीं. जें संगीताला साधक, तेंच मोटारीला बाधक, एवढाच काय तो फरक.

कुरकुरीवरचा सर्वांत चतुर उपाय एका विमानचालकाला सुचला. चार्ल्स वेमान हा १८८९ सालीं हैती देशांत जन्मलेला गृहस्थ. १९११ सालीं त्यानें विमानांची गॉर्डन बेनेट शर्यत जिंकली होती. विमान म्हणजे त्या काळीं हलक्या लांकडाची चौकट आणि तीवर ताणलेलें कापड. हीच कल्पना त्यानें महायुद्धानंतर मोटारीला लागू केली. इतर कारागीर सांधा अधिकाधिक घट्ट करूं पाहत होते. वेमाननें सांधाच सोडविला. त्याच्या चौकटींत लांकडाचा एक तुकडा दुसऱ्याला शिवतच नसे. दोहोंमध्यें थोडी फट ठेवून पातळ पोलादी पट्ट्यांनीं ते जोडलेले असत. रस्त्यावर चौकट हवी तशी लवे. पण लांकडाला लांकूड लागत नसल्यानें आवाज निघावा कोठून? बाहेरून पत्र्याऐवजीं चामड्यासारखें दिसणारें कापड ताणून बसवीत. तें लवचिक असल्यामुळें चौकटीबरोबर हालत असे. गाडी वजनानें हलकी आणि चालींत शांत झाली. पॅरिस, लंडन आणि अमेरिकेंतील इंडियानापोलिस येथें या पद्धतीच्या गाड्या बांधल्या जाऊं लागल्या आणि अनेक नामांकित कारागिरांनीं तिचे परवाने घेतले.

रोग तर गेला. पण उपाय टिकला नाहीं. कापड मळे, फाटे आणि थोड्या वर्षांत निस्तेज होई. १९२० नंतरच्या दशकांत लवकर वाळणारे, चकचकीत सेल्युलोज रंग निघाले, आणि लखलखणाऱ्या पत्र्यापुढें वेमानची गाडी गरीब दिसूं लागली. गोलाकार वळणांची आवड वाढली; तीं वळणें कापडाला साधत ना. १९३० च्या सुमारास ही पद्धति मागें पडली, आणि वेमानची इंग्लिश शाखा पुढें बसगाड्या बांधण्याकडे वळली. गुणानें श्रेष्ठ असलेली वस्तु लोकांच्या आवडीपुढें आणि बाजारभावापुढें कशी हार खाते, याचें हें एक बोलकें उदाहरण होय.

तिचा पराभव केला तो पोलादानें. फिलाडेल्फिया येथील एडवर्ड बड यानें पोलादी पत्रे ठशांत दाबून आणि विजेनें सांधून गाडीचें अंग तयार करण्याची विद्या पुढें आणली. १९१४ पासून डॉज बंधूंच्या गाड्यांना हीं अंगें लागूं लागलीं. १९२४ सालीं सित्रोएन कंपनीनें युरोपांत तशी गाडी दाखविली, आणि १९२६ सालीं इंग्लंडांत काउली येथें याच कामासाठीं कारखाना निघाला. इटलींतील लान्चिया कंपनीनें तर १९२२ सालींच वेगळा सांगाडा काढून टाकून अंग आणि सांगाडा एक केला होता. लांकडी सांध्यांची कुरकुर अशा रीतीनें संपली. तिच्याबरोबर त्या सुतारांचा पिढीजात धंदाही बहुतेक संपला.

तरीही शांतता मिळाली नाहीं, कारण पोलादी पत्रा ढोलासारखा घुमतो. १९३५ च्या गाड्यांवर जनरल मोटर्सनें एकसंध पोलादी छप्पर बसविलें, तेव्हां हा घुमारा आवरणें हें एक मोठेंच काम होऊन बसलें. पत्र्याच्या आंतून नमदे आणि डांबरी थर चिकटविण्याची पद्धति सर्वत्र रूढ झाली. एंजिनाचा थरकांप अंगांत उतरूं नये म्हणून क्राइस्लर कंपनीनें १९३१ च्या प्लिमथ गाडींत तें रबरावर तोलून बसविलें. कमानींच्या टोकांना रबराच्या बुशी आल्या आणि तेथील वंगणाची कटकट गेली. पण हें रबर कोरडें पडलें, कीं तेंच किंचाळूं लागे. आणि त्यावर साधें खनिज तेल ओतावें, तर नैसर्गिक रबर फुगून खराब होई!

१९५८ सालीं डेव्हिड ऑगिल्व्ही या जाहिरातदारानें रोल्स-रॉइसची एक प्रसिद्ध जाहिरात लिहिली. ताशीं ६० मैलांच्या वेगांत या गाडींतील सर्वांत मोठा आवाज विजेच्या घड्याळाचा असतो, असा तिचा आशय होता. वैद्याप्रमाणें नळी कानाला लावून कारखान्याचे एंजिनीयर आंसाची गुणगुण तपासतात, हेंही तींत नमूद होतें. पुढें गाडीच्या आंतल्या भागांत प्लॅस्टिक आलें. उष्णतेनें तें पोलादाच्या अनेक पट प्रसरण पावतें. म्हणून सकाळीं गप्प असलेली गाडी दुपारच्या उन्हांत बोलूं लागते. आतां कारखान्यांतून गाडी चार थरथरत्या खांबांवर उभी करतात, खोलींतील हवा तापवितात व गोठवितात, आणि अनेक ध्वनिग्राहकांनीं आवाजाची जागा शोधतात.

घरगुती शोधाची रीत मात्र तीच आहे. प्रथम गाडींतील सुटें सामान, जॅक आणि जादा चाक पाहावें. मग एकानें हळू चालवावी व दुसऱ्यानें संशयित जागा हातानें दाबून पाहावी. दाबतांच आवाज थांबला तर जागा सांपडली. मग आवाजाची जात ओळखावी. कुरकुर म्हणजे घासणें, खडखड म्हणजे आदळणें. कुरकुरणाऱ्यांना दूर करावें किंवा मध्यें नमदा अथवा योग्य वंगण घालावें. खडखडणाऱ्यांना घट्ट बांधावें. निदान चुकलें तर औषध उलटें पडतें.

आणि प्रत्येक आवाज केवळ दडपून टाकण्यासारखा नसतो. आंतील फळीची कुरकुर निरुपद्रवी. परंतु चाकाजवळची टकटक ही झिजलेल्या सांध्याची किंवा ढिल्या नटाची सूचना असूं शकते. ब्रेक झिजले म्हणजे किंचाळावें, म्हणून कित्येक गाड्यांत एक धातूची जीभ मुद्दाम बसविलेली असते. आवाज बंद करणारा आणि त्याचें कारण दूर करणारा, या दोघांत अंतर आहे, आणि त्या अंतरावर कधीं कधीं माणसाचा जीव अवलंबून असतो.

मुंबईंत १९२८ सालीं शिवडीला जनरल मोटर्सचा गाड्या जुळविण्याचा कारखाना निघाला. १९४४ सालीं वालचंद हिराचंद यांनीं प्रीमियर कंपनी स्थापिली. तिची पद्मिनी गाडी एकसंध पोलादी अंगाची, म्हणजे लान्चियानें दाखविलेल्या वाटेवरची. ऑक्टोबर २०२३ मध्यें ती टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. आतां विजेच्या गाड्या येत आहेत. त्यांत एंजिनाचा आवाज नाहीं, म्हणून बारीकसारीक कुरकुरही स्पष्ट ऐकूं येते; १९०७ चें सूत्र पुन्हां खरें ठरतें. दुसरीकडे, त्या इतक्या निःशब्द, कीं पादचाऱ्याला त्यांची चाहूल लागत नाहीं. म्हणून युरोपीय संघानें १ जुलै २०१९ पासून नव्या प्रकारच्या, आणि १ जुलै २०२१ पासून सर्वच नव्या विजेच्या गाड्यांना, मंद वेगांत ऐकूं येईल असा आवाज सक्तीचा केला. शंभर वर्षें माणसानें गाडीला गप्प बसावयास शिकविलें, आणि ती गप्प बसतांच तिला बोलावयास लावलें. शांतता हवी ती आंत बसणाऱ्याला. रस्त्यानें चालणाऱ्याला गाडीची हांक ऐकूं आलीच पाहिजे.