फौजी (वर्धा जिल्हा)

फौजी : लष्करात शिपाई म्हणून भरती होऊन पेन्शनीपर्यंत नोकरी करणारा आणि मग गावी परतणारा सैनिक. वर्धा जिल्ह्यात ‘मिलिटरीवाला’ हा शब्दही तितकाच चालतो. निवृत्त माणूस कागदोपत्री नाईक असो की हवालदार, गावात तो ‘मेजर’ असतो. ही बढती गाव फुकट देते आणि ती मरेपर्यंत परत घेत नाही.

वर्ध्याचे नाव घेतले की आधी आठवतो तो चरखा. गांधीजी १९३६ मध्ये शेगावला राहायला आले, १९४० मध्ये त्या गावाचे सेवाग्राम झाले आणि त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला पवनारला युद्धविरोधी भाषण करून विनोबा पहिले वैयक्तिक सत्याग्रही ठरले. याच जिल्ह्यात, वर्धा शहरापासून पश्चिमेला तीसेक किलोमीटरवर पुलगावला लष्कराचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. सुमारे ७,००० एकरांवर पसरलेले हे भांडार देशातल्या सर्वांत मोठ्या भांडारांपैकी एक. मुंबई-नागपूर रेल्वेने जाणाऱ्याला खिडकीतून पुलगावचे साधे स्टेशन दिसते, भांडार दिसत नाही. जिल्ह्याची ओळख सांगतानाही बहुतेक वेळा असेच होते.

फौजेत जाण्यामागे देशप्रेम असतेच, पण त्याच्या जोडीला सातबाराही असतो. कोरडवाहू कापूस आणि सोयाबीन, दोन-तीन भावांत वाटलेली जमीन, बाजारभावाचा भरवसा नाही. २००६ मध्ये केंद्राने विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे शेतकरी पॅकेज जाहीर केले, त्यांत वर्धा होता. अशा घरात दर महिन्याला ठरल्या तारखेला पैसे पाठवणारा एक मुलगा असणे म्हणजे विहिरीवर मोटार बसणे, बहिणीचे लग्न वेळेत होणे, धाकट्याचे शिक्षण न सुटणे. पूर्वी हे पैसे मनिऑर्डरने येत. पोस्टमन सायकलवरून उतरला की कोणाच्या घरी किती आले, ते संध्याकाळपर्यंत पारावर पोहोचलेले असे.

भरतीचा रस्ता नागपूरच्या सैन्य भरती कार्यालयाकडून जातो. त्याआधी गावाबाहेरच्या डांबरी सडकेवर पहाटेचे धावणे, सोळाशे मीटरची तयारी, आडव्या बारवर पुलअप. निवड झालेला मुलगा कोणत्या केंद्रात जाईल, हे पलटणीवर अवलंबून असते. गार्ड्सचे केंद्र जवळच कामठीला, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला. महार रेजिमेंटची पहिली पलटण १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात उभी राहिली आणि दुसरी पुढच्या वर्षी कामठीत. त्यामागे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पाठपुरावा होता, आणि विदर्भातल्या अनेक घरांत नोकरीइतकेच महत्त्व त्या इतिहासाला आहे.

फौजीच्या घरात एक काळी लोखंडी ट्रंक असते. झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर, हुद्दा, नाव आणि युनिट लिहिलेले. हुद्दा वाढला की जुने अक्षर खरवडून नवे रंगवायचे, म्हणून त्या एका जागेचा रंग बाकीच्यापेक्षा जाड दिसतो. या ट्रंकेने सियाचीनचा पायथा पाहिलेला असतो आणि राजस्थानची वाळूही. निवृत्तीनंतर तिच्यात तुरीची डाळ ठेवतात.

कुटुंबवत्सल हा शब्द फौजीला लावायचा तर तो सुट्टीच्या हिशेबात लावावा लागतो. जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा मिळू शकते. मिळू शकते, म्हणजे युनिटने सोडले तर. लग्नाचा मुहूर्त त्यामुळे पंचांगाआधी सुट्टीच्या कागदावर ठरतो. पोळ्याला यायचे की कापूस वेचणीला, हा प्रश्न दरवर्षी नव्याने पडतो, आणि उत्तर बहुधा वेचणीच्या बाजूने लागते. घरी आलेला माणूस पहिले दोन दिवस झोपतो, मग छपराची कवेलू फेरतो, बांध घालतो, बँकेची कामे उरकतो. मुलांशी ओळख जरा रुळते न रुळते तोच होल्डॉल बांधायची वेळ येते.

मोबाइल येण्याआधी त्याचा पत्ता म्हणजे ‘मार्फत ५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’. हे लष्करी टपालाचे नंबर. नकाशावर ते कुठेच नसतात. नवरा काश्मिरात आहे की आसामात, हे न कळताही बायका तो पत्ता तोंडपाठ म्हणत. पोस्टिंग ‘पीस’ला, म्हणजे शांत ठाण्यात, झाली आणि क्वार्टरच्या यादीत नंबर लागला, तर दोन-तीन वर्षे संसार एकत्र. मुले केंद्रीय विद्यालयात जातात आणि सुट्टीत आजोळी आली की हिंदीत भांडतात. पोस्टिंग ‘फील्ड’ला गेली की बायको पुन्हा सासरी, किंवा मुलांच्या शाळेसाठी वर्ध्याला भाड्याच्या दोन खोल्यांत. गॅस, फी, सासऱ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन, शेताचा गडी हे सारे तीच पाहते. कुटुंबाचा खरा हवालदार कोण, असे विचारले तर बरेच फौजी तिच्याकडेच बोट दाखवतात.

लष्कर मात्र कुटुंब ओळखते ते कागदावरून. लग्न झाले, मूल झाले, की युनिटच्या कार्यालयातून ‘पार्ट टू ऑर्डर’ निघावी लागते. तिच्याशिवाय सरकारदरबारी बायको बायको नसते आणि मूल मूल नसते. ‘किंडर्ड रोल’ नावाच्या यादीत आई-वडिलांपासून मुलांपर्यंत सगळ्यांची नावे आणि जन्मतारखा. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत, त्यात इंग्रजी स्पेलिंग कारकून ऐकेल तसे. रेकॉर्डात ‘सुनीता’ तर आधारकार्डावर ‘सुनिता’, एका ठिकाणी माहेरचे नाव तर दुसऱ्या ठिकाणी सासरचे. वीस वर्षे हा फरक कोणाला खुपत नाही. तो खुपतो कुटुंब पेन्शनीची वेळ येते तेव्हा, म्हणजे ज्याला दुरुस्ती माहीत होती तो माणूस गेल्यानंतर. जाणते फौजी म्हणूनच डिस्चार्ज बुक आणि पेन्शनीचा आदेश, ज्याला सगळे पीपीओ म्हणतात, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देवघराजवळ ठेवतात.

जवानाला पेन्शनीसाठी किमान १५ वर्षे नोकरी लागते. बढती न मिळालेला शिपाई साधारण १७ ते १९ वर्षांनी सुटतो, म्हणजे चाळिशीच्या आत. मोठा मुलगा तेव्हा दहावीलाही पोहोचलेला नसतो, घर अर्धे बांधलेले असते. इथून सुरू होते ती दुसरी नोकरी, आणि ती कोशात सहसा येत नाही. काही जण बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसतात, काही राज्य सरकारच्या गट ‘क’ आणि ‘ड’ मधल्या १५ टक्के राखीव जागांसाठी पुन्हा स्पर्धा परीक्षेची पुस्तके उघडतात. बरेच जण डीएससीत जातात.

डीएससी म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोअर. फेब्रुवारी १९४७ मध्ये संरक्षण आस्थापनांच्या पहाऱ्यासाठी सुरू झालेले हे दल, त्याचे केंद्र केरळात कण्णूरला. त्यात मुख्यतः माजी सैनिकच पुन्हा भरती होतात. पुन्हा गणवेश, पुन्हा रोल कॉल, पुन्हा खालून सुरुवात. पहिली पेन्शन चालू ठेवून ही नवी नोकरी १५ वर्षे भरली तर दुसरीही पेन्शन मिळते. काही महिने कमी पडल्याने ती नाकारल्याची प्रकरणे सशस्त्र दल न्यायाधिकरणापर्यंत गेली आहेत. दारूगोळ्याची भांडारे, कारखाने, विमानतळ अशा ठिकाणी हे दल पहाऱ्यावर असते. सीमेवरून जिवंत परतलेला माणूस घरच्यांच्या दृष्टीने आता ‘सेफ’ जागी आलेला असतो.

पुलगावने हा समज मोडला. ३० आणि ३१ मे २०१६ च्या मधल्या रात्री, एकच्या सुमारास, भांडारातल्या एका शेडला आग लागली. तिथे रणगाडाविरोधी सुरुंग होते. आगरगावसह आसपासच्या गावांतली माणसे अंधारात, मिळेल त्या वाहनाने घर सोडून निघाली. आगीकडे धावले ते भांडाराचे अग्निशामक कर्मचारी, जवान आणि अधिकारी. लेफ्टनंट कर्नल आर. एस. पवार आणि मेजर के. मनोज हे दोन अधिकारी त्यात गेले; पहिल्या दिवशी १६ असलेला मृतांचा आकडा पुढे १९ वर गेला. तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर पुलगावला आले. सदोष सुरुंगांतून टीएनटी पाझरत होते, हा मुद्दा नंतर पुढे आला. अग्निशामक कर्मचारी नावाला नागरी नोकर होते, पण त्या रात्री सैनिक आणि नागरी हा फरक शेडच्या दारापर्यंतच टिकला.

अडीच वर्षांनी, २० नोव्हेंबर २०१८ रोजी, सोनेगाव (आबाजी) जवळ जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला आणि सहा जण मेले. त्यांत रोजंदारीने पेट्या उचलणारे आसपासचे मजूर होते. त्यांना ना नंबर होता, ना ट्रंक.

निवृत्त फौजीचे गावातले स्थान मजेशीर असते. ग्रामसभेत तो वेळेवर येणारा एकमेव माणूस. पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी त्याच्या हाती देतात, कारण गाठ नेमकी सुटेल याची खात्री असते. कॅन्टीन कार्डावर पाहुण्यांचा डोळा असतो, मुख्यतः एका विशिष्ट बाटलीसाठी. २०२० मध्ये राज्याने माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना घरपट्टी माफ केली, तेव्हा ग्रामसेवकाला शासन निर्णय वाचून दाखवायचे कामही अनेक ठिकाणी ‘मेजर’नाच करावे लागले. दर ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा निधी सुरू होतो. त्याआधी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा, आता तो ‘स्पर्श’ नावाच्या ऑनलाइन प्रणालीवर. बोटांचे ठसे नांगराने घासलेले असले की यंत्र त्यांना ओळखत नाही.

१४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली. नोकरी चार वर्षांची, शेवटी सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी, पेन्शन नाही. एका तुकडीतल्या २५ टक्क्यांपर्यंतच मुलांना पुढे कायम घेतले जाते. सडकेवरचे पहाटेचे धावणे थांबलेले नाही. भरतीच्या वेळी अग्निवीर, म्हणजे या योजनेतला जवान, अविवाहित असावा लागतो, तेव्हा त्याच्या किंडर्ड रोलमध्ये आई, वडील आणि भावंडे एवढीच नावे असतात. खालच्या ओळी कोऱ्या.