रजोनिवृत्तिपूर्व काळातील वजनवाढ (रायगड किनारा)

पाळी अनियमित होऊ लागल्यापासून ती कायमची थांबेपर्यंतच्या वर्षांत स्त्रीच्या शरीरात, विशेषतः पोटाभोवती, होणारा चरबीचा संचय. सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे मानतात. भारतीय स्त्रियांत ती सरासरी ४६-४७व्या वर्षी होते, पाश्चात्त्य देशांत ५१च्या आसपास. त्याआधीची चार-पाच वर्षे, काहींच्या बाबतीत त्याहून अधिक, येथे अभिप्रेत आहेत. नोंद लिहिताना उरण, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन आणि म्हसळा या किनारी तालुक्यांतले जेवण, तिथले कष्ट आणि तिथे मिळणारी आरोग्यसेवा डोळ्यांपुढे ठेवली आहे.

पाळी मागेपुढे होणे आणि पोट सुटणे ही दोन्ही एकाच सुमारास दिसतात, म्हणून साऱ्या वजनवाढीचे खापर पाळीवर फोडले जाते. अमेरिकेत १९९६ साली सुरू झालेल्या ‘स्वान’ या दीर्घकालीन अभ्यासाने याचा उलगडा बराचसा केला. त्यात भारतीय स्त्रियांचा वेगळा गट नव्हता, तरी शरीरक्रियेची दिशा कळायला तो उपयोगी आहे. मध्यम वयात वर्षाला साधारण अर्धा किलो वजन वाढते आणि ही वाढ मुख्यतः वयाची असते. पाळीच्या बदलाने वेगळेच काही घडते. इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होऊ लागले की मांड्या-नितंबांकडे जाणारी चरबी पोटात, आतड्यांभोवती आणि यकृतात साठू लागते आणि त्याच वेळी स्नायू झिजतात. त्यामुळे काट्यावरचा आकडा फारसा न हलताही परकर आणि ब्लाउज घट्ट होतात. ‘चयापचय मंदावला’ हे स्पष्टीकरणही जपून वापरावे. २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार स्नायू आणि इतर चरबीविरहित वस्तुमान हिशेबात धरले तर विसाव्या ते साठाव्या वर्षापर्यंत शरीराचा ऊर्जाखर्च जवळपास स्थिर राहतो. म्हणजे या वयात जपायचे ते स्नायू, आणि पुढचे सर्व उपाय त्याच दृष्टीने वाचावेत.

भारतीय शरीराला या बदलाचा फटका लवकर बसतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांच्यासह ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचे शेजारी-शेजारी छायाचित्र दिले होते. दोघांचा बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) सारखाच, २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणूनच भारतीयांसाठी हा निर्देशांक २३ झाला की वजन जास्त आणि २५ झाला की लठ्ठपणा, असे मानतात. स्त्रीच्या कमरेची मर्यादा ८० सेंटिमीटर आहे. शिवणकामाची टेप घरोघर असते, आणि या काळात वजनकाट्यापेक्षा तिच्यावर जास्त भरवसा ठेवावा. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, टेप न आवळता माप घ्यायचे. तीस वर्षांवरील प्रत्येकीसाठी आशाताई जो असंसर्गजन्य आजारांचा फॉर्म भरतात, त्यातही कमरेच्या मापाला गुण आहेत: ८० पर्यंत शून्य, ८१ ते ९० ला एक, त्यावर दोन. एकूण गुण चारच्या वर गेले की तपासणीसाठी प्राधान्य मिळते. आशाताई दारात आल्या की लाजेपोटी अंदाजाने माप सांगू नये, त्यांना मोजू द्यावे.

या किनाऱ्यावर कष्टाची परंपरा मोठी आहे. भाताची लावणी-कापणी, डोक्यावर मासळीची पाटी घेऊन गावोगाव फिरणे, सुकत घातलेली मासळी उन्हात उलटसुलट करणे, विहिरीचे पाणी वाहणे ही कामे बायकांचीच. पण खाडीकाठच्या खारेपाटातील शेती आता बरीच कमी झाली, घरात नळ आला, मासळी टेम्पो-रिक्षातून बाजारात जाऊ लागली. अलिबाग, नागाव, मुरूड, दिवेआगर परिसरात पर्यटकांसाठी घरगुती खानावळ चालवणाऱ्या बाईचा दिवस चुलीपुढे उभ्याने जातो. ती थकते खरी, पण थकणे आणि स्नायूंना जोर पडणे वेगळे. ‘मी दिवसभर कामातच असते, मला व्यायाम कशाला’ हे तिचे म्हणणे प्रामाणिक आहे. तिला आळशी ठरवणारा सल्ला मात्र चुकीचाही आहे आणि क्रूरही.

आहाराबाबत एक विसंगती बोलून दाखवायलाच हवी. समुद्र दाराशी असूनही अनेक घरांत बाईच्या ताटात प्रथिने कमी पडतात. चांगली मासळी विक्रीला जाते, घरी आली तर तुकड्या आधी पुरुषांना आणि मुलांना वाढल्या जातात, आणि शेवटी बसणारी भाताच्या डोंगरावर कालवणाचा रस ओतून जेवते. पोट भरते, स्नायूंना काही मिळत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे साठ किलोच्या स्त्रीला सुमारे ५० ग्रॅम. या वयात त्याहून थोडी जास्त घेण्याचा सल्ला बरेच डॉक्टर देतात, मूत्रपिंडाचा आजार नसेल तर. शंभर ग्रॅम बांगड्यातून साधारण १८-२० ग्रॅम मिळतात. ओल्या बोंबलात पाणीच फार, त्यामुळे त्यातून त्याच्या जवळपास निम्मीच. सुका जवळा किंवा सुका बोंबील मात्र वजनाच्या निम्म्याहून अधिक प्रथिनांचा असतो, आणि १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत तोच कामी येतो. खारवलेली मासळी धुऊन, भिजवून घ्यावी. चाळिशीनंतर रक्तदाब वाढण्याचा धोका असतो, आणि मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत ठेवायचे असते.

शाकाहारी घरांना आणि ठरावीक वारी मासळी न खाणाऱ्यांना याच मातीतला आधार आहे. भातकापणीनंतर जमिनीतल्या ओलाव्यावर येणारा कडवा वाल आणि त्याचे बिरडे, मूग, चवळी, ताक आणि चालत असतील तर अंडी यांना ताटात मोठी जागा द्यावी. डोंगरउतारावरची नाचणी हाडांसाठी उत्तम. शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. भात किंवा तांदळाची भाकरी सोडायची गरज नाही. एका जेवणात दोन्ही घेणे टाळले, भात निम्मा केला आणि ती जागा मासे-कडधान्य-पालेभाजीने भरली की पुष्कळ साधते. आधी तुकडी वाढून घ्यावी, मग भात.

न दिसणाऱ्या उष्मांकांत चहा पहिला. दोन चमचे साखरेचे पाच कप म्हणजे दिवसाला चाळीस-पन्नास ग्रॅम साखर, दिवसभरात मिळून जास्तीत जास्त जेवढी घ्यावी म्हणतात तिच्या जवळपास दुप्पट. त्यानंतर उपवास. मार्गशीर्षातले गुरुवार, संकष्टी, श्रावण पाळणाऱ्या घरांत साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, वर शेंगदाणे आणि तूप. वरी, राजगिरा, दही, फळ यांवरही उपवास होतो. दिवसभर उपाशी राहून रात्री सोडणे या वयात स्नायूंना महागात पडते.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम हालचाल आणि त्याखेरीज दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सुचवते. पहिला भाग पहाटे किनाऱ्यावर चालून पुरा होतो, ओहोटीच्या घट्ट वाळूवर गुडघ्यांना सोपे जाते. दुसरा सहसा राहून जातो आणि खरी कमाई त्यातच आहे. हात न टेकता स्टुलावरून दहा-बारा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात लावून दंड, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे, टाचा उंचावणे, एवढे घरात करता येते. सोपे वाटू लागले की भार वाढवायचा. शिंकताना, उड्या मारताना लघवी सुटते म्हणून अनेकजणी व्यायाम टाळतात आणि हे कुणाला सांगत नाहीत. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे आकुंचन-प्रसरण शिकले तर बहुतेकींना फरक पडतो. फिजिओथेरपिस्टला निःसंकोच विचारावे.

झोपेचा प्रश्नही वजनाचाच आहे. अंगातून वाफा येऊन रात्री तीनदा उठणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशी गोड आणि तळलेले जास्त हवेसे वाटते. दमट किनाऱ्यावर मे महिन्यात हा त्रास अधिक जाणवतो. संध्याकाळनंतरचा चहा बंद करणे, सुती कपडे आणि वाऱ्याची खोली हे साधे उपाय आहेत. त्रास फार असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखालील हार्मोन उपचार उपयोगी ठरतो. त्याने वजन वाढते ही भीती निराधार आहे, तसा तो वजन उतरवण्याचा उपायही नव्हे. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या किंवा रक्ताच्या गुठळ्या झालेल्या स्त्रियांना तो सहसा देत नाहीत.

वजन झपाट्याने वाढले तर थायरॉईड, साखर, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. सांधेदुखीच्या बेनाम पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळले आहे आणि त्यानेही चेहरा-पोट सुटते; अशी पुडी घेत असल्यास ती डॉक्टरांना दाखवावी, एकदम बंद करू नये. अंगावरून फार जात असेल तर रक्त कमी होऊन हालचाल मंदावते. त्यावर औषधे आणि हार्मोनयुक्त तांबी असे पर्याय आहेत, ‘पिशवी काढा’ हा पहिला सल्ला असू नये. अंडाशयेही काढली गेली तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते. पाळी वर्षभर थांबून पुन्हा रक्त दिसले तर मात्र विलंब न लावता तपासणी आवश्यक आहे. पाळी अनियमित असली तरी गर्भ राहू शकतो, म्हणून गर्भनिरोधन चालू ठेवावे. टिर्झेपाटाइड आणि सेमाग्लुटाइड ही वजनाची इंजेक्शने २०२५ पासून भारतात मिळतात. बाजारात आली तेव्हा ती महाग होती. प्रथिने व ताकदीचा व्यायाम नसेल तर उतरलेल्या वजनात स्नायूही जातात.

वजन कमी करा हा उपदेश सर्वांना लागू नाही. याच तालुक्यांतल्या कातकरी वाड्यांवर आणि मजुरीवर जगणाऱ्या घरांत याच वयाच्या, निर्देशांक १८.५ च्या खाली असलेल्या स्त्रिया भेटतात. त्यांना लागतो तो अधिक आणि बरा शिधा, रक्तवाढीच्या गोळ्या, आणि कारण नसताना वजन उतरत असेल तर क्षयरोग व मधुमेहाची तपासणी.